पाचवीतल्या रेशीम अळ्या सोळा दिवस खातायत, कोष करत नाहीत

तुतीकाठ · रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात रेशीमकिड्यांसाठी आमची एक एकर तुती आहे, हे चौथं वर्ष. दीडशे अंडीपुंजांची चॉकी (दोनदा कात टाकलेल्या लहान अळ्या) घटस्थापनेला आणली. तिसरी आणि चौथी अवस्था छान गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या अळ्या चौथ्या मोल्टवरून (कात टाकण्यावरून) एकसारख्या उठल्या.

एरवी पाचव्या अवस्थेच्या सातव्या-आठव्या दिवशी अळी पिकते. अंग पिवळसर, काचेसारखं होतं, खाणं सुटतं, डोकं वर करून आधार शोधायला लागते. मग आम्ही चंद्रिका (कोष विणायला आधार देणारी चटई) टाकतो. या वेळी आठवा दिवस गेला, दहावा गेला. आज सोळावा आहे आणि अळ्या अजून खातायत! अंगठ्याएवढ्या जाड झाल्यात, पांढऱ्याशुभ्र, आणि पाला टाकला की तुटून पडतात. आमच्या बागेतला पाला संपला, तीन दिवस दुसऱ्या गावाहून विकत आणला. शंभरात दहा-बारा अळ्यांनी कोष केला, तोही कागदासारखा पातळ. काही अर्धवट जाळं विणून तशाच पडून राहिल्या. कालपासून काही काळ्या पडून मरतायत.

रोग म्हणावा तर तसं काही दिसत नाही. सासूबाईंनी दृष्ट काढली. उद्या वसुबारस आहे, आणि मी रात्री दोनला उठून बॅटरी घेऊन शेडमध्ये जाते, एखादी तरी वर चढली का बघायला. कुणी असं पाहिलंय का?

पऱ्हाटीवाला · रात्री ९.३२

ताई, मले तं ग्रासरी रोग वाटते. मागच्या साली आमच्या भावाच्या शेडमधी असंच झालतं. अळ्या टरारून फुगल्या, कातडी चमके, मंग फुटून दुधावानी पानी निघे. शेडमधी दमट होतं काय? चुना मारला होता काय मोल्टवर? सांगजा.

तुतीकाठ · रात्री ९.५०

नाही हो दादा, ग्रासरी मी दुसऱ्या वर्षी भोगली आहे, चांगली ओळखते. तेव्हा अळ्या रॅकच्या कडेला पळत होत्या आणि हात लावला की फुटत होत्या. या शांत आहेत. विष्ठा कोरडी, गोळ्या नीट पडतात. मुद्दाम दोन अळ्या चिरून पाहिल्या तर आत रेशमाची ग्रंथी जाड दिसली. म्हणजे रेशीम आहे. विणत मात्र नाहीत.

झुडूप · रात्री १०.१५

ताई, अकोल्याला कृषी विद्यापीठात कीटकशास्त्र शिकलोय, म्हणून विचारतो. तुमच्या वावराला लागून पऱ्हाटी (कापूस) आहे का? दसऱ्याच्या आसपास तिथं कसली फवारणी झाली? औषधाचं व्यापारी नाव नको, बाटलीवर बारीक अक्षरात घटक लिहिलेला असतो, तो हवाय.

तुतीकाठ · दुसऱ्या दिवशी सकाळी ७.०५

शेजारच्या काकांकडे रात्रीच जाऊन आले. बिचाऱ्यांनी उकिरड्यावरून रिकामी बाटली शोधून दिली. पांढऱ्या माशीसाठी मारलं होतं, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी. पायरिप्रॉक्सिफेन १० टक्के ईसी. वारा आमच्याकडे होता, आणि आमच्या चार ओळी त्यांच्या धुऱ्याला (बांधाला) अगदी लागून आहेत. काका म्हणाले, "पोरी, बाटलीवरचा त्रिकोण लाल नव्हता, पिवळा पण नव्हता. म्हटलं सौम्य आहे." आमच्याच वावरात हुंदडून मोठं झालेलं माणूस, वाईट चिंतणारं नाही.

झुडूप · सकाळी ८.४०

हेच शोधत होतो. सविस्तर लिहितो, कारण हे कळलं की पुढच्या बॅचला काय करायचं तेही कळेल.

अळीच्या आयुष्याचं वेळापत्रक दोन हार्मोन्स ठरवतात. एक एकडायसोन, जे कात टाकायला लावतं. दुसरं ज्युव्हेनाइल हार्मोन, त्याला बाल्य हार्मोन म्हणू. एकडायसोन फक्त 'आता कात टाक' एवढंच सांगतं. कात टाकून पुढे काय व्हायचं, मोठी अळी की कोषातली प्युपा, हे त्या वेळी अंगात बाल्य हार्मोन आहे की नाही यावर ठरतं. पहिल्या चार अवस्थांत ते असतं, म्हणून दर मोल्टनंतर अळीच निघते. पाचवीच्या सुरुवातीच्या दिवसांत ते घसरतं. घसरलं की मेंदू आपल्या रसायनाकरवी छातीतल्या ग्रंथीला जागं करतो, एकडायसोनची एक छोटी लाट येते आणि अळी खाणं सोडून विणायला लागते.

तुमच्या अळ्यांत हे घसरणंच झालं नाही. पायरिप्रॉक्सिफेन हे बाल्य हार्मोनची नक्कल करणारं कृत्रिम रसायन आहे. पांढऱ्या माशीवर ते याच गुणासाठी मारतात: अंडी उबत नाहीत आणि पिल्लांची माशी होत नाही. त्याचा अंश तुतीच्या पानातून अळीच्या पोटात गेला, तोही नेमका पाचवीच्या सुरुवातीच्या दिवसांत. अंगातलं खरं बाल्य हार्मोन संपत आलं होतं, पण ही नक्कल शरीराला सांगत राहिली: अजून लहान आहेस, खा. म्हणून ग्रंथी रेशमाने भरली आणि विणण्याचा निरोप आलाच नाही.

तुम्ही पहिल्याच नाही. १९९० च्या आसपास उत्तर इटलीत रेशीम उत्पादकांवर हेच संकट आलं. अळ्या मोठ्या व्हायच्या, कोष करायच्या नाहीत. तिथल्या फळबागांत फेनॉक्सिकार्ब फवारलं जायचं, तेही बाल्य हार्मोनसारखंच वागणारं. वाऱ्याने तुतीवर यायचं.

चिखलवाट · सकाळी ९.२०

वाचून अंगावर काटा आला. झुडूपदादा, एक शंका आहे. एवढ्या थोड्या औषधाने हजारो अळ्या? फवारा तर काकांच्या वावरात होता, तुतीवर फक्त तुषार आले असतील.

झुडूप · सकाळी १०.०५

हार्मोन थोड्यातच काम करतं. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनान्ट आणि कार्लसन यांनी एकडायसोन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात काढलं. त्यासाठी रेशीमकिड्याच्या ५०० किलो प्युपा लागल्या आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम. अर्ध्या टनातून चिमूटभरही नाही. मोठ्यात मोठा बदल शरीर एवढ्याशा वस्तूवर करून घेतं, तर तुषारानेही घोटाळा होणारच.

बाल्य हार्मोनची नक्कल कुठे कुठे लपलेली असते याचा एक किस्सा सांगतो, मला तो फार आवडतो. १९६० च्या दशकात कारेल स्लामा हे चेक संशोधक एक प्रकारचे लाल ढेकूण घेऊन अमेरिकेत हार्वर्डला गेले. प्रागमध्ये हे किडे नीट वाढायचे. तिथे मात्र शेवटच्या मोल्टनंतर प्रौढ होईनात, पुन्हा एक पिल्लूअवस्थाच, आणि मग मरायचे. खाणं, पाणी, प्रकाश सगळं तपासलं. शेवटी दोष सापडला काचेच्या डबीत अंथरलेल्या कागदात. तो बाल्सम फर नावाच्या झाडाच्या लगद्याचा होता, आणि त्या झाडात त्या किड्यांच्या बाल्य हार्मोनसारखं द्रव्य असतं. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कागदानेही तोच परिणाम व्हायचा, लंडनच्या टाइम्सच्या कागदाने नाही. स्लामांच्या सोबतचे कॅरोल विल्यम्स यांनी त्याच्या काही वर्षं आधीच, १९५६ मध्ये, सिक्रोपिया पतंगाच्या नराच्या पोटातून बाल्य हार्मोनचं सोनेरी तेल काढलं होतं. कीड मारायला तिचंच हार्मोन वापरावं ही कल्पना त्यांचीच.

पऱ्हाटीवाला · सकाळी १०.४०

म्हंजे कापसातलं, तुरीतलं जे 'आयजीआर' (किडीची वाढ बिघडवनारं औषध) म्हून देतात ते सारं हेच काय? मी नोव्हाल्युरॉन मारतो घाटे अळीवर. ल्युफेन्युरॉन बी.

झुडूप · सकाळी ११.१५

नाही भाऊ, इथे सगळ्यांची गल्लत होते. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, डायफ्लुबेन्झुरॉन यांचा हार्मोनशी थेट संबंध नाही. ती कायटिन बनू देत नाहीत. कायटिन म्हणजे अळीच्या कातडीचं घट्ट द्रव्य. हार्मोनचा निरोप बरोबर येतो, अळी कात टाकायला बसते, पण नवी कातडी कच्ची असते. ती फाटते आणि अळी जुन्या कातीत अडकून मरते.

तिसरी टोळी टेब्युफेनोझाइड, मेथॉक्सिफेनोझाइड यांची. ही एकडायसोनची नक्कल करतात. अळीने औषध खाल्लं की शरीराला वाटतं कात टाकायची वेळ झाली, मग ती वेळ आलेली असो वा नसो. ती एका दिवसात खाणं थांबवते. पुढे जी फजिती होते ती प्रयोगशाळेत भिंगाखाली पाहिली तेव्हा मला अन्न गोड लागलं नव्हतं. कात टाकण्यासाठी एकडायसोन आधी वाढावं लागतं आणि मग उतरावंही लागतं. उतरलं तरच शेवटचं बाहेर निघण्याचं काम होतं. खरं एकडायसोन शरीर मोडून टाकतं, हे रसायन सहज मोडत नाही. म्हणून जुन्या डोक्याच्या मागे नवं डोकं तयार होतं, पण जुनं गळत नाही. अळी दोन डोक्यांची दिसते, तोंड उघडत नाही, आणि उपाशी मरते.

हो, आणि मारल्यावर अळी लगेच मरत नाही. घाटे अळीवर नोव्हाल्युरॉन मारून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली की लोक औषध खोटं म्हणतात आणि दुसरं मारतात. तिची मोल्टची वेळ येऊ द्या, तीन-चार दिवस थांबा. आणि लहान अवस्थेतच मारा.

कोरडवाहू · दुपारी १.३०

मी यवतमाळचा. ताईंचं नुकसान वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजू मांडतो. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारताना वीसहून जास्त माणसं गेली. माझे सख्खे मामा पंधरा दिवस दवाखान्यात होते, डोळ्यांनी दिसत नव्हतं. तेव्हापासून मी लाल त्रिकोणाची बाटली घरात आणत नाही. ज्या औषधाने माणूस मरत नाही ते मारतो. आता त्याचीही भीती घातली तर पांढरी माशी आली की आम्ही काय करायचं? ताईंच्या काकांना कुणी दोषी धरू नये.

तुतीकाठ · दुपारी २.१०

दादा, मी काकांना दोष देत नाही. तुमच्या मामांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. आता बरे आहेत ना?

कोरडवाहू · दुपारी २.२५

हो, चालतात-फिरतात. फवारायला मात्र जाऊ देत नाही.

झुडूप · दुपारी ३.००

कोरडवाहू, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माणसाच्या अंगात एकडायसोनही नाही आणि बाल्य हार्मोनही नाही, म्हणून ही औषधं आपल्याला एवढी सौम्य. पायरिप्रॉक्सिफेनला तर डासांच्या अळ्यांसाठी पिण्याच्या साठवलेल्या पाण्यात वापरायला जागतिक आरोग्य संघटनेचीही मान्यता आहे. मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल विषापेक्षा ही हजारदा परवडली.

पण बाटलीवरचा त्रिकोण कशावरून ठरतो हे गावात कुणी सांगत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांना ते किती मारक आहे यावरून येतात. फवारणाऱ्या माणसासाठी तो त्रिकोण आहे आणि तिथे तो उपयोगी आहे. रेशमाच्या अळीबद्दल तो काहीच सांगत नाही. काकांनी त्रिकोण पाहिला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे योग्यच केलं. ज्या औषधाला आपण सौम्य म्हणतो ते अळीच्या कुळावर सर्वांत नेमकं बसणारं असू शकतं.

ऐनपान · सायंकाळी ५.४५

मी गडचिरोलीतल्या आरमोरीकडची. आम्ही ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा (टसर रेशमाच्या अळ्या) पाळतो. तुतीवाल्यांना शेड तरी असते, आमच्या अळ्या उघड्यावर झाडावर. पाखरं, मुंग्या, गांधीलमाशी यांच्याशी दिवसभर गोफण घेऊन लढायचं. धानाच्या बांध्यांना लागून ऐनाची झाडं आहेत, तिथे धानावर फवारा झाला की आम्ही त्या झाडांवर अळ्या चढवत नाही. हे आजीने शिकवलं, कारण माहीत नव्हतं. आज कळलं.

दुसरं विचारायचं होतं. आमचं अर्धं पोट मामा (माजी मालगुजारी) तलावावर. झिंगेही कात टाकतात. त्यांना काही होतं का?

झुडूप · सायंकाळी ६.३०

ताई, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. होतं. झिंगे, खेकडे आणि पाण्यातले बारीक पिसू, सगळे कात टाकणारे जीव आहेत आणि त्यांचं कात टाकणंही एकडायसोनच्या कुळातल्या हार्मोनवरच चालतं. डायफ्लुबेन्झुरॉनसारखी कायटिन रोखणारी औषधं त्यांना फार मारक असतात. बाल्य हार्मोनची नक्कल करणारी रसायनं पाण्यात गेली तर पाणपिसवांच्या माद्या, ज्या एरवी माद्याच जन्माला घालतात, नर घालायला लागतात. म्हणून पंप, टाकी, बाटली तलावात धुऊ देऊ नका. तलावात उतरणाऱ्या बांध्यांवर मारायचं असेल तर दोन दिवसांत पाऊस येणार का ते आधी बघायला सांगा.

चिखलवाट · रात्री ८.१५

मग सगळ्यांनी निंबोळी अर्क मारावा ना! नैसर्गिक आहे, प्रश्नच मिटला.

झुडूप · रात्री ८.५०

इथे सावध राहा. निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन अळीच्या मेंदूकडून ग्रंथीकडे जाणारा निरोप अडवतं, एकडायसोन वेळेवर सुटत नाही, मोल्ट बिघडतो. निंबोळी अर्क बोंडअळीवर काम करतो त्यात याचा मोठा वाटा आहे. ५ टक्के अर्क, म्हणजे ५ किलो निंबोळी पावडर १०० लिटर पाण्याला, मी स्वतः सुचवतो. पण तुतीशेजारी मारला तर रेशमाची अळीही त्यातून सुटत नाही. झाडातून आलं की कारखान्यातून, अळीच्या शरीराला फरक कळत नाही.

उलटंही होतं. कर्नाटकात वनस्पतींतलं एकडायसोनसारखं द्रव्य रेशीम शेतकरी मुद्दाम वापरतात. काही अळ्या पिकायला लागल्या की पाल्यावर शिंपडतात, म्हणजे बाकीच्याही एकदम चंद्रिकेवर चढतात. जपान-चीनमध्ये तर बाल्य हार्मोनची नक्कलही रेशीम वाढवायला वापरून पाहिली आहे: अत्यंत सूक्ष्म मात्रा, ठरलेला दिवस, अळी थोडी जास्त खाते आणि कोष जड येतो. तेच द्रव्य चुकलेल्या दिवशी, चुकलेल्या मापात ताईंच्या शेडमध्ये आलं.

तुतीकाठ · रात्री ९.३०

मग आता या अळ्यांचं काय? आणि पुढच्या बॅचला? आम्ही दरवेळी नव्या पाल्याची परीक्षा घेतो: पन्नास अळ्यांना दोन दिवस तो पाला घालायचा, मेल्या नाहीत तर सगळ्यांना. धुऱ्याकडचा पालाही असाच पाहिला होता, एकही मेली नाही.

झुडूप · रात्री १०.००

या बॅचसाठी उपाय नाही, मनाला समजवा. आणखी पाला विकत आणू नका. पिकल्यासारख्या दिसतील तेवढ्या वेचून चंद्रिकेवर टाका, बाकी खड्ड्यात चुना घालून पुरा. जिल्हा रेशीम कार्यालयाला लेखी कळवा, बाटलीचा आणि अळ्यांचा फोटो जोडा.

तुमची परीक्षा मज्जातंतूवर काम करणाऱ्या विषासाठी बरोबर आहे, त्यात अळी तासाभरात तडफडते. या रसायनात अळी दोन दिवसांत मरत नाही, दहा दिवसांनी विणत नाही. म्हणून ती परीक्षा इथे आंधळी आहे. खरा आधार दोनच गोष्टींचा: धुऱ्याकडच्या ओळींचा पाला चौथ्या मोल्टनंतर अजिबात वापरायचा नाही, आणि शेजाऱ्याने काय मारलं ते मारण्याआधी कळायला हवं. दुसरी गोष्ट पाल्याने होत नाही, बोलण्यानेच होते.

पऱ्हाटीवाला · रात्री १०.१०

ताई, तुमच्या काकाले सांगजा, आमच्या इथं बी एकानं तुती लावली हाय. मी उद्या जाऊन माह्या साऱ्या बाटल्यांवरचे घटक त्याले लिहून देतो.

तुतीकाठ · दोन महिन्यांनी, सायंकाळी ६.२०

धागा वर काढतेय. त्या बॅचमधून एकोणीस किलो कोष निघाला, नेहमी नव्वदच्या वर निघतो. दिवाळी तशीच गेली. रेशीम कार्यालयातून माणूस येऊन पाहून गेला, त्यांनीही फवारणीचंच कारण धरलं.

धुऱ्याकडच्या चार ओळी छाटल्या, तो पाला कंपोस्टच्या खड्ड्यात टाकला. तिथे शेवरीची दाट ओळ लावतोय, वारा अडेल. काकांनी स्वतःहून पुढच्या तीन वावरांच्या मालकांना आमच्या ओट्यावर बोलावलं. मी झुडूपदादांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. दोन डोक्यांच्या अळीपाशी सगळे गप्प झाले. ठरलं असं की मी मोल्टच्या तारखा सांगायच्या आणि पाचवी सुरू झाल्यापासून चंद्रिका पडेपर्यंत आमच्याकडच्या धुऱ्यावरच्या दहा ओळींत त्यांनी पंप चालवायचा नाही.

नवी बॅच परवा पिकली. थंडीमुळे नववा दिवस लागला, पण एकदम. रात्री काका टॉर्च घेऊन आले, चंद्रिकेजवळ बसले, एक अळी डोकं हलवत पहिला धागा अडकवत होती ती किती तरी वेळ पाहिली. जाताना विचारलं, "पुढची चॉकी कधी आणणार?" मी तारीख सांगितली, त्यांनी घरी जाऊन कॅलेंडरवर लिहिली.